काटा लगेच उपटू नका

पायात काटा मोडला की खाली बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा आणि काटा उपटायचा. बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ट्यूबलेस टायरची माउंटन बाइक घेतली की मात्र हीच सवय आड येते. कपिलधारच्या वाटेवर मागच्या चाकात रुतलेला काटा पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी हौसेनं तो उपटला. फुस्स झालं आणि पांढऱ्या पाण्याचा फवारा थेट चष्म्यावर आला. पंप घरी राहिला होता. काटा तसाच ठेवला असता तर सायकलवर बसून बीडला आलो असतो, कारण त्या भोकातली हवा काट्यानंच अडवून धरली होती. मी मांजरसुंब्यापर्यंत सायकल ढकलत आलो.

हायवेच्या कडेला पंक्चरची टपरी होती. तिथल्या चाचांनी टायर एका बाजूनं उचकटला, आत बोटं घातली आणि माझ्याकडे बघत राहिले. "ट्यूब कुठंय भाऊ? अन् हे दूध कशाचं?"

दूध नव्हे, चीक. उंबराच्या खोडाला कोयता लागला की पांढरा चीक वाहतो, वाऱ्यावर घट्ट होतो आणि जखमेवर खपली धरतो. ट्यूबलेस टायरमध्ये ओततात त्या सीलंटचं काम हेच. बहुतेक सीलंटमधला मुख्य माल रबराच्या झाडाचा चीकच असतो. तो बाटलीत गोठू नये म्हणून थोडा अमोनिया, लवकर वाळू नये म्हणून ग्लायकोल, आणि भोकात अडकून बसायला बारीक कण. भोक पडलं की हवेच्या जोरानं चीक तिकडे धावतो, बाहेरच्या हवेत आला की गोठतो आणि बूच बसतं. (आपल्याकडे रुईचा चीक फुकट मिळतो म्हणून कुणी तो टायरात ओतायची युक्ती काढू नये. डोळ्यात उडाला तर डोळा जायची भीती असते.)

सायकलच्या ट्यूबलेस टायरला फार वर्षं झालेली नाहीत. डनलॉपनं बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ साली. माउंटन बाइकसाठी बिनट्यूबचा टायर आणि त्याला जुळणारी रिम ही जोडी फ्रान्समधल्या माविक, मिशलँ आणि हचिन्सन या कंपन्यांनी बाजारात आणली १९९९ च्या सुमारास. डोंगरात हवा कमी ठेवता यावी हा त्यामागचा हिशोब. ट्यूबच्या टायरात हवा कमी ठेवून दगडावर आपटलं की दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेचते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चेचणार काय? माझं वजन सत्तर किलोच्या आसपास, टायर २९ इंची आणि सव्वादोन इंच रुंद. पुढच्या चाकात २२ आणि मागच्यात २५ पॉइंट हवा मला पुरते.

आता आपल्या भागाचं. बालाघाटाच्या रांगेत, मग तो मांजरसुंब्याचा घाट असो, धारूरचा असो की सौताड्याकडचं माळरान, काटा सगळीकडे आहे, पण प्रत्येकाची जात वेगळी आणि इलाजही वेगळा. सराटा बारीक आणि आखूड. एका वेळी दहा-बारा लागतात, पण प्रत्येकाचं भोक सुईच्या टोकाएवढं. चीक ताजा असेल तर सराट्याकडे ढुंकूनही बघू नका. बोरीचा काटा वाकडा, तो टायरात अर्धा मोडतो. बाभळीचा सरळ, पांढरा, जोडीनं येणारा. हिवराचाही त्याच घरातला. कुणी बाभळीची फांदी बांधावर ओढत नेली असेल तर ती पाऊलवाट चार दिवस टाळावी. या सगळ्यांत वाईट येडी बाभळ. दक्षिण अमेरिकेकडून आलेलं हे झुडूप नदीकाठ, तळ्याकाठ आणि पडीक रान खाऊन बसलं आहे. त्याचा काटा दीड-दोन इंच लांब होतो आणि वाळला की टणक होतो. तो टायरच्या तळातून आत शिरून पार रिमच्या पट्टीपर्यंत पोचल्याचं मी पाहिलं आहे.

आणि काट्याहून घातक एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुरीचं धसकट. तूर विळ्यानं तिरकी कापतात. जमिनीवर जे बोटभर खुंट राहतं त्याला टोक असतं आणि धारही. ट्रॅक्टरवाले त्या रानात टायर जपून घालतात, सायकलवाल्यानं घालूच नये. पऱ्हाटीची खोडं त्यापेक्षा बरी, पण फार नाही. धसकटानं पडलेलं भोक म्हणजे चीर असते, आणि चीर चिकानं बुजत नाही.

सोबत काय असावं

पंप. हे पहिलं आणि शेवटचं सुद्धा. त्यानंतर वातीचं हत्यार, म्हणजे मुठीला लावलेली फाट्याची सुई, आणि त्यात ओवायच्या रबरी वाती. दुकानात यांना स्ट्रिप म्हणतात. सायकलसाठीच्या वाती दीड आणि साडेतीन मिलिमीटर अशा दोन जाडीच्या येतात, दोन्ही ठेवाव्यात. मोटारीच्या वाती फार जाड. अडचणीत तीच मिळाली तर ब्लेडनं उभी चिरून अर्धी वापरा. मोटारीच्या हत्यारांसोबत भोक घासायची कानसवजा सळई असते, ती मात्र सायकलच्या टायरात घालू देऊ नका. मोटारीचा टायर जाड असतो, त्याला घासणं सोसतं. सायकलच्या टायरचे धागे तुटतात आणि तीन मिलिमीटरचं भोक सहाचं होतं.

शिवाय छोटी पक्कड, साठ मिलीच्या बाटलीत चीक, व्हॉल्व्हची सुई काढायची चावी, दोन लिव्हर, एक ट्यूब, आणि पोतं शिवायचं दाभण व नायलॉनचा दोरा. दाभण बघून माझ्या पुण्याच्या मित्रांना हसू आलं होतं. एकदा सौताड्याच्या उतारावर त्यांच्यापैकी एकाचा टायर कडेला फाटला, तेव्हापासून त्यांच्याकडेही दाभण असतं.

एक छोटी पितळी टोपी मात्र विसरू नका. अशा सायकलींना बहुधा बारीक, उंच, फ्रेंच पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाल्याचा आणि पेट्रोल पंपावरचा पाइप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. मधे ही टोपी फिरवून बसवली की तोच पाइप चालतो. नसेल तर शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असताना तुम्ही हातपंप मारत उभे राहाल.

वाटेत काटा लागला

उतरा. चाक हळू फिरवून काटा शोधा. हवा जात नसेल आणि काटा आत घट्ट असेल तर त्याला हात न लावता पुढे चला. बाहेर राहिलेलं टोक लांब असेल, फ्रेमला किंवा जमिनीवर घासून हलत असेल, तर तेवढं पक्कडीनं मोडून टाका. काट्याशी हिशोब घरी करायचा.

हवा जात असेल तर जागा शोधायची. मोठ्या भोकाशी चीक दिसतोच. बारीक असेल तर कान लावा, बाटलीतलं पाणी ओतून बुडबुडे बघा. भोक सापडलं की चाक असं फिरवा की ते जमिनीच्या बाजूला, अगदी तळाला येईल. चीक टायरमध्ये नेहमी तळाला साचतो, भोक वर ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. भोक टायरच्या कडेला असेल तर सायकल त्या बाजूला कलती करून धरा. मिनिटभर थांबा. फसफस थांबली तर दोन-चार मिनिटं सावकाश चालवा, मग हवा दाबून पाहा, लागेल तेवढी भरा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक एवढ्यावर बुजतं. बाटलीवर यापेक्षा मोठे आकडे छापलेले असतात, त्यांवर मी विसंबत नाही.

नाही थांबली तर वात घालायची. आणि इथं क्रम महत्त्वाचा. आधी वात सुईच्या फाट्यात ओवून घ्या, दोन्ही बाजूंना सारखी. हत्यार उजव्या हातात तयार धरा. मगच डाव्या हातानं, पक्कडीनं काटा काढा, ज्या रेषेत शिरला त्याच रेषेत. काटा काढून मग पिशवीत हत्यार शोधत बसलात तर तेवढ्यात टायर रिमवर बसलेला असतो. टायरात हवा असतानाच वात चांगली शिरते, कारण सुई टोचताना टायर आत दबत नाही. हवा अगदी गेली असेल तर आधी पंप मारून टायर थोडा ताठ करा.

सुई भोकात सरळ खुपसा. तिरकी घातली तर वात धाग्यांच्या थरात शिरते आणि बाहेरून छान दिसूनही गळत राहते. वातीची टोकं बाहेर सेंटिमीटरभर राहतील इतकी आत घाला, आणि सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. गोल फिरवायची नाही. वात आत दुमडलेली राहते आणि सुई रिकामी बाहेर येते. सुईबरोबर वातही आली तर तिला चीक लागून ती अधिक चिकट झालेली असते, पुन्हा तीच घाला. एक वात सैल बसली तर शेजारी दुसरी. तिसरी लागत असेल तर ती चीर आहे, भोक नव्हे. तिचा इलाज पुढे सांगतो.

आता चाक फिरवून भोक तळाला आणा, म्हणजे वातीभोवतीच्या फटीत चीक जाईल. बाहेरची शेपटं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, किंवा तशीच राहू द्या, रस्त्यावर घासून जातील. ओढून मात्र बघू नका. "पक्की बसली का" म्हणून ओढून बघणारा माणूस प्रत्येक टोळीत एक असतोच.

हवा भरताना फ्रेंच व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा बारीक आटा आधी सैल करायचा, एकदा दाबून मोकळा करायचा, मग पंप लावायचा. गॅसची छोटी नळकांडी वापरणारे असतात. त्यातून निघणारा वायू इतका थंड असतो की काही सीलंट जागेवरच फाटतात, नासलेल्या दुधासारखे. नळकांडी वापरायचीच असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून सोडा. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला पंचवीस सांगितलं तर तो "एवढी कमी?" म्हणून पस्तीस भरतो. वाद घालू नका, पुढे जाऊन दहा सोडा. मात्र रिमवर आणि टायरच्या कडेवर कमाल दाब छापलेला असतो, त्यातला लहान आकडा कधीच ओलांडू देऊ नका.

टायर फाटला तर

चीर कडेला असेल आणि नखाएवढी किंवा मोठी असेल तर वातीचा नाद सोडा. टायरची एक बाजू रिमवरून उतरवा. दाभणानं बाहेरून चार-पाच टाके घाला, पोत्याला घालतो तसे, पण चिरेच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर सोडून, नाहीतर धागेच उसवतात. आतून जुन्या टायरचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा लावा. दहाची नोट दुमडून लावतात तेही खरं, पण ओल्या चिकात नोटेचा लगदा होतो. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडा जास्त चालतो. मग ट्यूब घालून घर गाठायचं.

पण ट्यूब घालण्याआधी एक काम आहे आणि आपल्या भागात ते टाळलं तर सगळी मेहनत वाया जाते. ट्यूबलेस टायर तीन-चार महिने इकडच्या माळावर फिरला की त्यात न कळत अडकलेली काट्यांची टोकं असतात, दहा, वीस, कधी त्याहून जास्त. चिकानं प्रत्येक भोक बुजवलेलं असल्यानं तुम्हाला त्यांचा पत्ताच नसतो. ट्यूब आत गेली की ती सगळी टोकं एकदम जागी होतात. म्हणून टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवायचा, पण उघडा हात नाही. कापसाचा बोळा घ्या. टायर पुसून कोरडा करा आणि बोळा आतून फिरवत न्या. जिथं टोक असेल तिथं तंतू अडकतात आणि पांढरं शेपूट दिसतं. दिवाळीच्या आसपास गेवराई-माजलगावकडे फिरत असाल तर बोळा सोबत न्यायचीही गरज नाही, बांधावरच्या बोंडात तो असतो, शेतकऱ्याला विचारून घ्या. एकेक टोक पक्कडीनं आतूनच ओढा. आतून निघत नसेल तर बाहेरून दाबून आत ढकला.

ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह रिममधून काढून खिशात घाला, ट्यूबचा व्हॉल्व्ह त्या जागी येतो. आतला उरलेला चीक बाटलीत परत घेता आला तर घ्या. शेवटची लिव्हर लावताना ट्यूब चिमटली नाही ना, एवढं चाक फिरवून दोन्ही बाजूंनी बघा.

घरी, निवांत

वात चांगली बसली असेल तर ती टायर झिजेपर्यंत टिकते. माझ्या मागच्या टायरात सध्या तीन आहेत. पण चार मिलिमीटरच्या वरचं भोक असेल तर आतून ठिगळ लावावं हे बरं. टायर उतरवा, वात आतून कापून सपाट करा. जागा पाण्यानं धुवा, वाळवा, सॅनिटायझरच्या बोळ्यानं पुसा. वाळलेल्या चिकाचा पापुद्रा राहिला तर सोल्युशन त्याला चिकटतं, टायरला नाही, आणि दोन दिवसांत ठिगळ सालपटासारखं निघतं. पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासा, धागे उघडे पडेपर्यंत नव्हे. सोल्युशनचा पातळ हात द्या आणि पाच मिनिटं वाळू द्या. बोट लावलं तर चिकटू नये इतकं. ओल्या सोल्युशनवर ठिगळ लावण्याची घाई सगळे करतात. मग ठिगळ ठेवून चमच्याच्या पाठीनं मधून कडांकडे दाबत जा.

टायर परत रिमवर बसवणं हे हातपंपाचं काम नव्हे. टायरच्या दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची सुई काढा आणि पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडायला सांगा. ठाप, ठाप असे आवाज येतात आणि कडा आपापल्या खाचेत बसतात. पहिल्यांदा ऐकताना टायर फुटला असंच वाटतं. टायर लूज असेल आणि हवा धरतच नसेल तर एक जुनी युक्ती: आत ट्यूब घालून हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी फक्त एकच बाजू उतरवून ट्यूब काढा. आता निम्मा टायर आधीच बसलेला आहे, उरलेली बाजू चटकन धरते.

मग हवा सोडा, व्हॉल्व्हमधून शंभर मिली चीक घाला. बाटली आधी चांगली हलवा, नाहीतर पातळ पाणी टायरात जातं आणि कण तळाला राहतात. सुई लावा, हवा भरा. चाक सगळ्या दिशांना हलवा आणि बादलीवर आडवं ठेवा, दहा मिनिटं एका अंगावर, दहा मिनिटं दुसऱ्या, भाकरी उलटावी तसं. त्यानंतर पाच किलोमीटर चालवून आणा. सकाळी दोन-तीन पॉइंट उतरलेले दिसले तर चालतं. टायर पार बसला असेल तर साबणाचं पाणी फासून बघा. बुडबुडे टायरला नसतील आणि तारांच्या भोकातून येत असतील तर दोष रिमच्या आतल्या टेपचा. व्हॉल्व्हच्या बुडाशी येत असतील तर त्याची चकती हातानं आवळा. पक्कडीनं आवळली तर वाटेत कधी ट्यूब घालायची वेळ आली की निघणार नाही.

राहता राहिला उन्हाळा. बाटलीवर चीक सहा महिने टिकतो असं लिहिलेलं असेल, पण ते लिहिणाऱ्यानं बीडचा मे महिना पाहिलेला नसतो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या सायकलीतला चीक दोन महिन्यांत आटतो आणि आत शेंबडासारख्या गोळ्या उरतात. मी मार्च ते जून दर सहा आठवड्यांनी बघतो. व्हॉल्व्ह घड्याळातल्या पाचच्या जागी आणायचा, पाच मिनिटं थांबायचं, हवा सोडून सुई काढायची, व्हॉल्व्ह अगदी तळाला आणायचा आणि जळून गेलेल्या उदबत्तीची काडी आत घालायची. काडीचं टोक ओलं आलं तर ठीक. कोरडं आलं तर साठ मिली ओता. मोटारसायकलच्या टायरात घालायचं जेल स्वस्त पडतं म्हणून काही जण तेच घालतात. ते जाड आणि जड, चाक फिरताना वजन जाणवतं, आणि कडेच्या भोकाकडे ते वेळेवर पोचत नाही.

जुना चीक नाल्यात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, तिथंही तो बूचच बसवतो. वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेवला की संध्याकाळी पापडासारखा उचलता येतो. हे सगळं करताना जुना शर्ट घाला. वाळलेला चीक कपड्यावरून कशानंही निघत नाही, रॉकेलनंही नाही. आमच्या घरी हा प्रयोग तीन शर्टांवर झाला आहे.